नाव राहिलं

चांद्रगाडी चार जणांची होती, तरी डॉक्टर उन्मेष कारखानीस तिच्यात मावत नव्हता. एकसारखी उठबस चालली होती त्याची.

समोर गुहेचं तोंड होतं. आत तीन भुयारं, आणि त्यांपैकी एकात, दरड कोसळल्यामुळे दुसऱ्या गाडीत अडकलेली त्याची बायको, भूगर्भतज्ज्ञ शाल्मली. तिच्या गाडीचा रेडिओ मुका झाला होता. तिचा प्राणवायू संपण्याआधी एकच भुयार खणून होणार होतं. चुकीचं निवडलं तर सगळंच संपलं.

"तिचा लॅपटॉप हाका मारतोय," संपर्कप्रमुख दमयंती गोगटे म्हणाल्या. "'आमचीफोडणी, आमचीफोडणी.' हे काय प्रकरण आहे?"

"आमचं पुण्याचं वायफाय! पण ते इथे चंद्रावर कुठलं?"

"त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? जे बिनतारी जाळं आपलं नाव लपवून ठेवतं, त्याला लॅपटॉप स्वतःच नावानं पुकारत राहतो. कुणी तरी ओ द्यायला हवी. आपण देऊ या."

"मग हाकेवरून भुयार नाही कळत?"

"हाक भिंतींवर आपटत येते, दिशाच लागत नाही. लॅपटॉप आपल्या गाडीतल्या जाळ्याला जोडला गेला तर तिलाच विचारता येईल. हात मोकळे असते तर एव्हाना तिनंच जोडून घेतला असता."



गोगटेबाईंनी गाडीतल्या जाळ्याचं नाव बदलून 'आमचीफोडणी' केलं. "आता गुप्तशब्द. तो कुणीच उघड बोलत नाही. लॅपटॉप आणि जाळं एकमेकांना कोडं घालतात, उत्तरं जुळली की लॅपटॉपच्या लेखी ते घर. खरं की खोटं, हे ओळखायला त्याच्याकडे दुसरं काही नाही."

"तिनं आमच्या लग्नातला उखाणाच गुप्तशब्द ठेवलाय." उन्मेषनं घाईघाईनं टाइप केलं: 'खडकात सापडला लाखात एक खडा, उन्मेषरावांचं नाव घेते, वाट आता सोडा.'

जुळेना. स्वल्पविराम काढले, तरी जुळेना.

"अहो, नीट आठवा! असाच म्हणाल्या होत्या?"

"असाच ठरला होता. माझ्या बहिणीनं दारात अडवलं, ही गडबडली आणि..." तो थबकला. "अरे देवा! नावच राहिलं होतं! नुसतं 'नाव घेते, वाट आता सोडा' म्हणाली. घरभर हशा. आणि बाईसाहेब अजून म्हणतात, मी घेतलं होतं!"

त्यानं आपलं नाव खोडलं. स्वतःचं नाव इतक्या आशेनं कुणी खोडलं नसेल.

जुळलं! लॅपटॉपला वाटलं, आलो घरी. घरी असला की उन्मेषचा फोन तो आपणहून उचलत असे. शाल्मलीचे हात कणकेत असायचे, म्हणून तिनंच तशी सोय केली होती. उन्मेषनं फोन लावला.

"शाल्मली! अगं, ऐकतेस ना? कुठलं भुयार?"

नुसती खरखर. मग अगदी बारीक आवाज आला, "डावं... हात अडकलेत."

गोगटेबाईंनी गाडी वळवलीसुद्धा.

"बोलू नकोस आता. हवा पुरवून वापर." उन्मेषला रडू आवरेना.

"एवढंच," ती धापा टाकत म्हणाली. "उन्मेषराव... घेतलं बरं का नाव. वन्संना कळवा."