दुकानात वाजते, घरी गप्प

शर्वरीच्या कुकरची शिट्टी कुणाला ऐकू यायची नाही. वाफ सुटायची, झाकणावरचं वजन थरथरायचं, पण आवाज म्हणून नाही. आजही डाळ करपली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. कोल्हापुरातल्या त्या नव्या सोसायटीत सगळ्यांच्याच डाळी करपत होत्या, पण तक्रार कोण करणार? घरोघरी बसवलेल्या शांतछतावर सगळे खूश होते. पाण्याचा पंप, लिफ्टची घरघर, शेजारच्या गिरणीची भुणभुण, सगळं त्या छताने गिळून टाकलं होतं. छतातले बारीक माइक असा एकसारखा आवाज हेरायचे आणि शेजारचे इवलेसे स्पीकर त्याचीच उलटी लाट सोडायचे. एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात बसला, की दोन्ही सपाट. वरच्या मजल्यावरच्या चौगुलेबाई तर लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायच्या, "आमच्या सासूबाईंचं कण्हणंसुद्धा थांबलं बघा. शांतता मिळाली की माणसाला आराम पडतोच."

शर्वरीला मात्र आज शांतता नको होती. तिला आवाज हवा होता, आणि तोच मिळत नव्हता.

हॉलमध्ये बाबांच्या खाटेसमोर टेबलावर त्यांचा जुना सिंथेसायझर उघडा पडला होता. नाव एवढं मोठं, म्हणून घरात सगळे त्याला पेटीच म्हणायचे. बाबांनी, म्हणजे विलास मुळीकांनी, मिरजेच्या ऑर्केस्ट्रात उभी हयात ही पेटी वाजवली. मग अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. दवाखान्यात होते तेव्हा निदान 'आं' असा लांबलचक आवाज तरी काढायचे. लेकीच्या घरी आले आणि तोही थांबला. उचकी लागल्यासारखं 'अ' व्हायचं, मग नुसतं जांभई दिल्यासारखं तोंड उघडं.

वाचा-उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई संध्याकाळी येणार होत्या. मागच्या खेपेलाच त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "त्यांची बोलायची इच्छाच दिसत नाही. या वेळी आवाज निघाला नाही, तर आपण व्यायाम थांबवू." शर्वरीचा सगळा भरवसा पेटीवर होता. स्वतःची पेटी ऐकून तरी बाबा ओ देतील. पण ती वाजेल तर ना!

"टुक," रौफचाचांनी काळी चारची पट्टी दाबली तशी पेटी म्हणाली आणि गप्प बसली.

"च्यायला हिच्या!" रौफचाचा उखडले. ते ऑर्केस्ट्राचे जुने वायरमन आणि बाबांचे जिवाभावाचे दोस्त. मिरजेत त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. "सकाळी दुकानात वाजली तर गल्ली गोळा झाली. इथं आली की तोंडाला कुलूप!"

"चाचा, मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणालात."

"मागच्या वेळी कपॅसिटर बदलला. त्याच्या आधी पॉवर सप्लाय. आता काय माझं डोकं बदलू?"

त्यांनी वायर बदलली. दुसऱ्या सॉकेटला लावून पाहिलं. पट्ट्यांखालची धूळ ब्रशने झाडली, आवाजाचं बटण दोन्हीकडे पार पिळून झालं, स्पीकरसुद्धा दुसरा जोडला. हेडफोनचं भोक तर केव्हाच मोडलेलं. मग त्यांनी आपली नेहमीची रीत धरली. काळी चारवर जड पक्कड ठेवून दिली, म्हणजे पट्टी दाबलेली राहते आणि दोन्ही हात आत घालायला मोकळे. पुन्हा टुक, आणि पुन्हा गप्प.

"पोरी, हे तुमचं छत तर खात नसेल?"

"काहीतरीच काय! छत पंप खातं, गाणी नाही. टीव्ही ऐकू येतो ना? आपण दोघं बोंबलतोय ते ऐकू येतंय ना?"

चाचांना ते पटलं. पटायला नको होतं, पण दोघांचंही डोकं तापलेलं, विचार करायला फुरसत कुणाला?

शर्वरी बाबांकडे वळली. त्यांची नजर पेटीवर खिळली होती आणि तोंड पुन्हा उघडं होतं. तिचा तोल सुटला. "तुम्ही आणि तुमच्या पेटीने मिळून ठरवलंय का, बोलायचंच नाही म्हणून? मी एकटीने किती बडबड करायची? आणि जांभया नका देऊ बाबा! झोप येत असेल तर झोपा सरळ!"

बोलून गेली आणि तिलाच रडू फुटलं. बाबांनी तोंड मिटलं. थोड्या वेळाने 'अ' करून पुन्हा उघडलं.

"थांब, थांब," चाचा एकदम म्हणाले. त्यांच्या हातून एक स्क्रू स्पीकरच्या पडद्यावर पडला होता आणि तो तिथे नाचत होता, तव्यावरच्या लाहीसारखा. "अगं, वाजतीय की ही! मघापासनं वाजतीय!"

शर्वरीने स्क्रूकडे पाहिलं, पट्टीवरच्या पकडीकडे पाहिलं, मग छताकडे. सगळं लख्ख कळलं. बोलणं आणि गाणं क्षणाक्षणाला बदलतं, त्यामुळे पुढची लाट छताला ओळखता येत नाही. पण चाचांची पक्कड एकच सूर धरून बसली होती, आणि एकसारखा सूर छताच्या लेखी पंपच. चाचांनी साधी गाण्याची एक ओळ वाजवली असती तरी घर दणाणलं असतं.

तिने भिंतीवरची शांतछताची कळ दाबली. गोड आवाजात उत्तर आलं, "छत बंद करण्यासाठी सोसायटीच्या सचिवांची परवानगी आवश्यक आहे."

"घाल चुलीत तुझी परवानगी!" म्हणत तिने दाराजवळचा मेन स्विच खाडकन खाली ओढला.

पंखा थांबला. पंपाची घरघर, गिरणीची भुणभुण धाडकन घरात शिरली. आणि त्या सगळ्यावर एक सूर, लांब, भरलेला, काळी चारचा.

"वाजली! चाचा, वाजली पेटी!"

चाचा हललेसुद्धा नाहीत. "लाईट घालवलीस की तू," ते हळूच म्हणाले. "पेटी कशी वाजंल?"

शर्वरी वळली. बाबांचं तोंड तसंच उघडं होतं, त्या जांभईसारखं. गळ्याची शीर ताठ झाली होती. श्वास संपला तसा सूर थांबला. त्यांनी छाती भरून घेतली आणि पुन्हा तोच लावला, "आं..."

"माझी पक्कड बघून सूर देतोय गडी," चाचा म्हणाले. "पट्टी बघितली नि सूर धरला. एका केसानं हलला नाही."

शर्वरी खाटेशी बसली. रोज ती ऑफिसला निघताना, दार ओढून घेताना, भाताचा घास त्यांच्या तोंडाशी नेताना बाबा जांभई द्यायचे. ती म्हणायची, "झोपा बाबा." आणि ते हाका मारत होते. तिच्याच घरात, तिच्या डोळ्यांदेखत, हाका मारत होते.

"ऐकू येतंय बाबा," ती त्यांचा हात गच्च धरून म्हणाली. "आता ऐकू येतंय."

दारावर थाप पडली. डॉक्टरीणबाई आल्या असणार. अंधारात चाचा मेन स्विचकडे चाचपडत निघाले.

"हात लावू नका!" शर्वरी ओरडली.

बाबा पुन्हा श्वास भरून घेत होते. तिने वर पाहिलं. तिचं छत मेलं होतं, पण वरच्या मजल्यावरचं अजून जागं होतं. चौगुलेबाईंच्या सासूबाईंना खरंच आराम पडला होता का?