सात झुरळं

"उघडा आणि लिहून द्या, झुरळांमुळे बंद पडलं. एवढंच काम आहे तुमचं."

असं म्हणून त्या माणसाने ऑक्सिजनचं मशीन टेबलावर आदळलं. चाकं लावलेलं, गुडघ्याएवढं खोकं. खोलीतली हवा आत ओढायची, त्यातला ऑक्सिजन वेगळा करायचा आणि नळीने रोग्याच्या नाकात सोडायचा, हे त्याचं काम.

"टेबल माझं आहे," चिमटाबाई म्हणाली. "आपटायचंच असेल तर स्वतःचं डोकं आपटा."

दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करण्यात तिची वीस वर्षं गेली होती. हातात कायम चिमटा, आणि जीभही त्याच जातीची, म्हणून हे नाव. यंत्रांतून निघालेला एकेक जीव ती बरणीत घालून फळीवर मांडायची: मुंग्या, पाली, कोळी, कुंभारमाशीची मातीची घरं. गिऱ्हाइकं नाकं मुरडायची. मुरडोत बापडी.

माणसामागून फौजदार आत आले. त्यांच्यामागे नीटनेटकी साडी नेसलेली एक बाई, आणि सगळ्यात शेवटी शिपाईबाईने दंडाला धरलेली एक नर्स. नर्सच्या गालावर पाच बोटं उमटली होती.

"हे थोरले चिरंजीव, धान्याचे व्यापारी," फौजदार म्हणाले. "या त्यांच्या धाकट्या भगिनी, यांचा वह्या-पुस्तकं बांधायचा कारखाना आहे. वडील आठ महिने या मशीनवर. परवा दुपारी मशीन बंद पडलं, म्हातारा निळा पडला. हॉस्पिटलात आहे, वाचला. ही सिस्टर त्यांच्या देखभालीला होती."

"देखभाल?" थोरला ओरडला. "मशीनमध्ये झुरळं पाळली होती हिने!"

"गालावर कोणी मारलं?"

"मी. अजून मारीन."

"माझ्या दुकानात नाही," चिमटाबाई म्हणाली. "फौजदार, मी लिहून दिलं तर हिचं काय होणार?"

"अटक. परवाना जाणार. पुन्हा कुठल्या रोग्याला हात लावता येणार नाही."

सिस्टर खाली मान घालून उभी होती, पण रडत नव्हती. चिमटाबाईला ते आवडलं.

तिने वरचं झाकण काढलं. सर्किटच्या हिरव्या पाटीवर सात झुरळं पडली होती. लठ्ठ, अंगठ्याएवढी, सगळी उताणी.

"बघा!" थोरला म्हणाला.

चिमटाबाईने एकेक उचललं, वास घेतला, कागदावर ओळीने मांडलं. मग झाकणाचे स्क्रू उजेडात धरले.

"मशीन परवापासून कुठे होतं?"

"बाबांच्या खोलीत. कुलपात. एक किल्ली माझ्याकडे, एक धाकटीकडे."

"त्याआधी खोलीबाहेर कधी गेलं होतं?"

"कधीच नाही. आठ महिने एका जागी, दिवसरात्र चालू."

"आणि तुम्ही रोज खोलीत?"

फौजदार मिशीत हसले. "हे महिन्यातून एकदा. धान्यातून वेळ मिळाला तर."

चिमटाबाई नर्सकडे वळली. "परवा काय झालं, पहिल्यापासून सांगा."

"बारा वाजता ताई आल्या," सिस्टर म्हणाली. "मला म्हणाल्या, औषधं घेऊन या, मी बसते. मी अर्ध्या तासात परत आले, मग ताई गेल्या. बाबा गोळी घेऊन झोपले होते. मशीनचा आवाज जरा घोगरा वाटला. म्हटलं, जाळी धुवायला झाली असेल, पेज झाली की धुते. दीड वाजता पेज घेऊन आले तर बाबांचे ओठ निळे. मी त्यांना उठवून बसवलं, ताईंना फोन केला."

"अलार्म वाजला नाही?"

"नाही. वाजला असता तर स्वयंपाकघरात ऐकू आला असता."

"खोटारडी! झोपली होतीस," थोरला म्हणाला. "नशीब, धाकटी देवासारखी धावून आली. चार मिनिटांत सिलिंडर घेऊन हजर. ती नसती तर बाबा गेलेच होते."

"राहता कुठे तुम्ही?" चिमटाबाईने धाकटीला विचारलं.

"नदीपलीकडे. पण मी जवळच होते." धाकटीचा आवाज मऊ होता. "सिलिंडर गाडीत असतोच. सासूबाईंच्या आजारपणात सवय लागली. त्यांचंही असंच मशीन होतं, त्यामुळे मला यातलं थोडं कळतं."

"बरं झालं. मग आता बघा, मी काय करते ते."

तिने खालचा कप्पा उघडला. हवा ओढायच्या नळीत चिमटा घातला आणि बोळा बाहेर काढला. कागदाचा भुगा, बारीक कातरण, वाळलेल्या खळीचे पापुद्रे. बोळ्यातून काहीतरी रुपेरी सळसळत निघालं आणि टेबलावर पळालं. चिमटाबाईने त्यावर बरणी पालथी घातली.

"हे काय?" फौजदार वाकले. मग त्यांनी थोरल्याकडे रोखून पाहिलं. "धान्यातलं?"

"माझ्याकडे काय बघता!"

"धान्यातलं असतं तर टोके किडे निघाले असते, कोंडा निघाला असता," चिमटाबाई म्हणाली. "याला विनाकारण धरू नका. उद्धट असणं हा गुन्हा नाही, नाहीतर मी पहिली आत गेले असते."

तिने स्टूल ओढलं आणि बसली.

"आधी झुरळं. मशीनमध्ये राहतं ते झुरळ नखाएवढं असतं. उबेला येतं, पिल्लं घालतं. ते जिथे राहतं तिथे मिरपुडीसारखी घाण, सालपटं, अंड्यांच्या डब्या आणि डोकं उठवणारा वास. इथे पाटी चकचकीत आहे. ही सातही झुरळं मोरीतली. फवारा मारून मारलीत, वास अजून येतोय. स्क्रूंवर ताजे ओरखडे. ज्याने कोणी टाकली त्याला झुरळ दिसतं कसं ते माहीत आहे, राहतं कसं ते नाही."

"झुरळं टाकून ही स्वतःच्याच गळ्यात फास कशाला अडकवेल?" फौजदारांनी सिस्टरकडे बोट केलं.

"तेच तर! शिवाय हिच्याकडे किल्ली नाही. आता ही बरणी. ही कसर. पुस्तकांना लागते, कागद आणि खळ खाते. अंधारी, शांत जागा लागते तिला. नळीत किमान दहा-बारा काती आहेत, म्हणजे कित्येक महिने ती इथे सुखाने नांदली. दिवसरात्र घोंघावणाऱ्या मशीनमध्ये, वारा सुटलेल्या नळीत? हॅट! हे मशीन वर्षभर तरी बंद पडून होतं. जिथे कागद कापतात, तिथे."

थोरला धाकटीकडे बघायला लागला.

"म्हणजे हे बाबांचं मशीनच नाही?"

"नाही. तुमच्या बहिणीच्या सासूबाईंचं आहे. कारखान्यात धूळ खात पडलेलं. अलार्मची बॅटरी फुगून मेलीय, हे बघा. बारा ते साडेबारा खोलीत या एकट्या होत्या, बाबा झोपेत. हे खोकं वर आणायचं, बाबांचं खाली गाडीत न्यायचं, कितीसा वेळ लागतो? चालू केलं की भुगा नळीत ओढला जाणार, हवा कोंडणार. थोडं कळतं म्हणाल्या ना, तेवढं पुरलं. नदीपलीकडची बाई चार मिनिटांत सिलिंडर घेऊन येते, कारण ती खाली गाडीत बसून फोनची वाट बघत होती. मग खोली कुलपात गेल्यावर झुरळं टाकली, म्हणजे दोष घाणीवर आणि घाण हिच्यावर."

"धाकटे," थोरला म्हणाला, "सांग ना, ही बाई काहीतरी बरळतेय."

धाकटी बरणीकडे बघत होती. आवाजातला मऊपणा गेला.

"बाबांना मारायचं नव्हतं मला. म्हणून तर खाली बसले होते. ही खालच्या मानेने घरातून गेली असती आणि बाबांनी डोळे उघडल्यावर समोर मी दिसले असते. एवढंच हवं होतं."

"एवढंच?" चिमटाबाई उसळली. "त्यांच्या श्वासावर जुगार खेळलात तुम्ही! स्वयंपाकघरात पेज पाच मिनिटं उशिरा शिजली असती तर?"

"चांगलं मशीन कुठे आहे?" फौजदारांनी विचारलं.

"कारखान्यात. कटिंग मशीनमागे, ताडपत्रीखाली."

फौजदारांच्या खुणेसरशी शिपाईबाईने सिस्टरचा दंड सोडला आणि धाकटीचा धरला.

थोरला सिस्टरपुढे आला. हात जोडावेत की खिशात घालावेत, हे त्याला कळेना. "सिस्टर, चला. सकाळपासून बाबा तुमच्याशिवाय घोटभर पाणी घेत नाहीयेत."

"येईन," सिस्टर म्हणाली. "त्यांच्यासाठी. पण परवा घराच्या ज्या जिन्यात उभं राहून मला खुनी म्हणालात, त्याच जिन्यात उभं राहून आधी खरं सांगायचं. तेवढ्याच मोठ्याने."

थोरल्याने मान डोलावली.

"बाबांना सांगा, मी परगावी गेलेय," धाकटी दारातून सिस्टरला म्हणाली.

"मी त्यांच्याशी खोटं बोलत नाही," सिस्टर म्हणाली. "विचारतील तर खरं तेच सांगेन."

"ते कशाला विचारतील? मी आठ महिने रोज दुपारी येऊन बसले. माझ्याकडे डोळा उघडून पाहिलं नाही. आणि तुला? तुला माझ्या नावाने हाक मारायचे! मी निघाल्यावर जिन्यात उभी राहून ऐकलंय."

"दुपारी गोळीची झोप असते त्यांना," सिस्टर म्हणाली. "जाग यायची पाचला. डोळे उघडले की तुमचं नाव. हाक तुम्हालाच असायची. तुम्ही गेलेल्या असायचात, म्हणून ओ मी द्यायचे."

धाकटीने उंबऱ्याला धरलं. "मग मला सांगितलं का नाहीस? एका शब्दाने?"

"पहिल्याच दिवशी तुम्ही मला बजावलंत, ताई. नोकराने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."