उघडा पंजा

सांगतो, पण मधे थांबवू नका. मी घाबरून सांगत नाहीये, हे आधीच लक्षात घ्या. घाबरायचं मला हल्ली जमत नाही.

मी भोसरीत टूलरूमला आहे. अठरा वर्षं डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, घासतोय. आमच्याकडे मोजमापाची यंत्रं नंतर, आधी अंगठा. काम झालं की उघडा अंगठा फिरवायचा. धातूची केसाएवढी धार राहिली असली तरी माझ्या अंगठ्याला कळायची. याच अंगठ्यावर माझी नोकरी होती.

नाद एकच, चिनी स्मारक पदकं. पांडावाली नाणी काय, सगळेच घेतात. मला आवडतात ती बंद पडलेल्या कारखान्यांनी आपल्या कामगारांसाठी पाडून घेतलेली, शे-दोनशेच निघालेली. अस्सल ठरली तर पुढे सोन्याहून महाग, नाहीतर नुसतं पितळ.

गेल्या महिन्यात एक पार्सल आलं. पदकाच्या एका बाजूला प्रेस मशीन, दुसरीकडे माणसाचा उघडा पंजा. वजन बरोबर, व्यास बरोबर. फक्त बोटांवर रेषा नव्हत्या. नखं इतकी बारीक कोरणारा कारागीर रेषा कशा विसरेल? मला शंका आली. पदक हातमोजा घालून कडेनेच धरायचं, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मी हातमोजा काढला आणि टूलरूमच्या सवयीने अंगठा फिरवला.

गार लागलं. नुसतं गार.

सोमवारी कंपनीच्या गेटवर हजेरीचा थंब लागेना.

"हात धू की, भावा," मागून जयसिंग म्हणाला. माझ्या शेजारच्याच मशीनवर असतो तो.

धुतला, पुसला, पुन्हा लावला. मशीन घेईना. दुपारी मी डायवर अंगठा फिरवून तो पास केला आणि जयसिंगने उचलताच त्याचं बोट कापलं. फरशीवर रक्त ठिबकत होतं.

"तुझ्या हातनं पास झालेला ना हा?" त्याने हळूच विचारलं.

मी हो म्हणालो. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

रविवारी पदक घेऊन चिंचवडला नानासाहेबांकडे गेलो. चाळीस वर्षं खरं-खोटं निवडणारा माणूस. पांढरे हातमोजे, डोळ्याला भिंग. पदक त्यांनी दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं.

"अस्सल आहे," शेवटी म्हणाले. "नकलीत पंजा कोराच राहतो."

"हाही कोराच आहे."

त्यांनी भिंग माझ्यापुढे धरलं. चार बोटं कोरी होती. अंगठ्यावर मात्र रेषा होत्या, आणि त्यांना छेदून जाणारा तिरका व्रण. तसा व्रण माझ्याही अंगठ्यावर होता, लेथवर झालेला. मी अंगठा पाहिला. तो काचेसारखा गुळगुळीत होता.

"उघड्या हाताने धरलंत?"

"एकदाच."

"एकदाच पुरतं... हळूहळू आतलंही जातं. घरात कोण असतं?"

"बायको. मिनल."

"तिच्या हाती लागू देऊ नका." एवढं बोलून त्यांनी चहा मागवला. चहासुद्धा ते हातमोजे न काढताच प्यायले.

घरी येऊन पदक कपाटात ठेवलं. मिनलला सांगायचं ठरवलं होतं. पण सांगायला आधी काळजी वाटावी लागते. काळजी वाटेल म्हणून मी वाट पाहिली. चार दिवस गेले.

गुरुवारी पहिली शिफ्ट करून दुपारी घरी आलो. मिनल चपात्या करत होती.

"तुमची पदकं आज काढून चिंचेनं घासली," ती म्हणाली. "एक किती काळं पडलं होतं. सगळी बोटं लावून रगडलं, तेव्हा निघालं."

आवाज तिचाच होता. त्यात ना चेष्टा होती, ना तक्रार.

चपाती ती नेहमी बोटांनीच उलटते. आताही उलटली. पण बोटं तव्यावरून उचलली नाहीत. वास येऊ लागला, तो कणकेचा नव्हता.

धावत जाऊन तिचा हात ओढायला हवा, हे मला स्पष्ट कळत होतं.

"वाढू का?" तिने विचारलं.

मी पाट ओढून बसलो आणि ताट पुढे केलं.