समाजभवनातले मेढे

बसा इथंच पायरीवर. पण तोंडातला खर्रा आधी नालीत थुका. माझ्यासमोर पचपच केली तर गोष्ट मिळणार नाही.

हं. आता ऐका. हे माझ्या नणंदेवर, जनाबाईवर गुदरलं आहे, आणि ती खोटं बोलणारी बाई नाही.

आपलं हे समाजभवन म्हणजे आधी दोन जुनी घरं होती. सागवानी खांब, कवेलूचं छप्पर. मधली भिंत पाडली, ऑइलपेंट मारला, झालं भवन. ज्या कोनाड्यात दिवा लागायचा तिथं आता लाल पिचकाऱ्या. मागची खोली बाळंतिणीची होती. तिथं पंगतीच्या उष्ट्या पत्रावळी कुजतात, अन् माणसं भिंतीशी उभी राहून मुततात.

गेल्या साली पोळ्याला आपण दारोदार पळसाचे मेढे लावले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या पाडव्याला, पहाटे त्या फांद्या 'खासी-खोकला घेऊन जा गे मारबत' असं ओरडत शिवेबाहेर टाकायच्या. मारबत म्हणजे पीडा नेणारी; घरातली पीडा फांदीसंगं जाते. पण पाऊस होता, अन् पुढारी होता आपला प्रफुल्ल.

"काकू, शिवेपर्यंत चिखलात कोण मरते? मागच्या खोलीत टाकू. उद्या ट्रॅक्टरनं नेतो."

मी म्हटलं, "पीडा काय तुह्या ट्रॅक्टरची वाट पाहून राहिली का रे, मेल्या?"

सारे हसले. साऱ्या आळीचे मेढे त्या घाणीत पडले.

त्याच पाडव्याच्या रात्री जनाबाईचा नातू गोलू खोकून खोकून निळा पडला. दोन वर्षांचं लेकरू. वाफेची मशीन बचतगटाची, भवनाच्या कपाटात. किल्ली जनाबाईकडे.

सून रक्षा म्हणाली, "आई, मी येऊ का संगं?"

"तू पोराजवळ बस. हे गेली अन् हे आली."

भवनातला बल्बही कोणी चोरून नेलेला. मोबाईलच्या उजेडात तिनं कपाट उघडलं, मशीन काढली. वळली.

मागच्या खोलीत कोणीतरी खोकलं.

असेल एखादा दारुडा. "कोण हाय रे?"

मग म्हातारीचा कोरडा खोकला. मग एक घरघरणारा, छातीत कफ दाटलेला. मग दुसरा. तिसरा. तिनं उजेड मारला. माणूस नाही. नुसता फांद्यांचा ढीग. वारा नव्हता. पानं हलत होती.

अन् त्या ढिगाच्या तळातून एक बारका खोकला...

तो तिच्या ओळखीचा होता.

तिनं फोन लावला. "रक्षा, गोलू काय करते?"

"झोपला, आई. खोकला एकदम थांबला."

"श्वास?"

...

"रक्षा, श्वास घेते का तो?"

"आई... छाती हलते... मग थांबते..."

मशीन तिथंच ठेवली जनाबाईनं. त्या उष्ट्यात, त्या मुतात हात घातले. एकेक फांदी ओढली. मंडपाच्या दोरीनं मोळी बांधली. डोक्यावर घेतली. शिवेकडे निघाली.

चिखल गुडघ्यापर्यंत. मोळीतून कानाशी खोकला. थंड, चिकट काहीतरी मानेवर ओघळलं.

मग मागून पदर ओढला गेला.

तिनं पाहिलं नाही.

परत ओढला...

शिवेचा नाला आला. तिनं मोळी पलीकडे फेकली अन् एकटीच ओरडली, "घेऊन जा गे मारबत!"

सारं शांत.

कमरेला खोचलेला फोन चालूच होता. त्यातून गोलूचं रडणं आलं. मोकळं, मोठ्यानं.

पोरगं वाचलं. आता आळीभर पळत असते.

ते लुगडं मात्र जनाबाईनं घरात घेतलं नाही. परसातल्या तारेवर टाकलं. पदराच्या टोकाला पाच बोटांच्या खुणा आहेत, कफासारख्या चिकट. लहानग्या मुठीच्या. गोलू तर त्या रात्री आईच्या मांडीवरून हललाही नव्हता. सोडा लावला, राख लावली. अख्खा उन्हाळा गेला त्यावरून.

काल मी हात लावून पाहिला.

ओलंच आहे.