चौथ्या प्रश्नाचे उत्तर

मुखेडच्या स्मृती-तपासणी शिबिरात कुसुमबाईंनी तीन प्रश्नांची उत्तरे अचूक दिली. चौथा प्रश्न होता पतीचे नाव. त्या पदराच्या काठाशी चाळा करत राहिल्या. संशोधक मृण्मयीने शून्य मांडले.

"ते शून्य खोडा," मागून कुणी म्हणाले. कुसुमबाईंचा मुलगा यज्ञेश. लातूरला जीवशास्त्र शिकवणारा. "आई विसरली नाही. ती बाबांचं नाव घेत नाही."

"पुरावा?"

"आई, उखाणा घे."

"लई चावट हायस," कुसुमबाई लाजल्या, मग स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "ज्वारीच्या कणसाला मोत्यांची आरास, भरल्या घराचे धनी रेणुकादास."

मृण्मयीने शून्य खोडले, शिवाय तो प्रश्नच पुढच्या शिबिरांतून काढून टाकला. पुराव्यापुढे इतक्या सहज झुकणारे माणूस यज्ञेशने प्रथमच पाहिले.

मायलेकांचे रक्त मृण्मयीच्या नांदेडच्या प्रयोगशाळेत गेले: अल्झायमरची जोखीम वाढवणारे जनुक आणि प्रतिकारशक्तीची दाहक प्रथिने तपासण्यासाठी. पुढच्या रविवारी यज्ञेशही तिथे गेला. त्याच्या पुढच्याही.

"रक्त एकदाच घेतो आम्ही," मृण्मयी म्हणाली.

"आज द्यायला धपाटे आणलेत. आईनं पाठवले."

"आईंनी... की तुम्ही मागून आणले?"

"निष्कर्षाची घाई नको, मॅडम."

अहवाल त्याने स्वतःहून मागितला. त्या जनुकाची एक प्रत त्याच्यात होती; दाहक प्रथिनेही थोडी वाढलेली. बाहेर कडुनिंबाखाली तो मृण्मयीकडे वळला.

"उद्या मी तुम्हांलाच विसरलो तर...?"

"एका प्रतीनं जोखीम वाढते, निदान होत नाही. दाहक प्रथिनं तर साध्या तापानंही वाढतात. वर्गात काय शिकवता?"

"हेच."

"मग एकदा स्वतःच्या वर्गात बसा."

तो हसला; पण नंतरचे रविवार रिकामे गेले. जोखमीचे गणित त्याला पटत होते, त्यात तिला ओढणे पटत नव्हते.

फेरतपासणीसाठी मृण्मयी मुखेडला त्यांच्या घरी गेली, तेव्हा तो दारातच थबकला. कुसुमबाईंनी त्याच्याकडे बोट केले.

"पोरी, ह्याचं नाव काय गं?"

मृण्मयीची लेखणी उचलली गेली. हे लक्षण नोंदवायचे...? तिने निरखून पाहिले. म्हातारीचे डोळे हसत होते.

तिने लेखणी खाली ठेवली. नजरही.

"विसरलात?" यज्ञेशने हलकेच विचारले.

"नाही," ती म्हणाली. "घेत नाही."