होडीचा खिळा

बोईसरच्या बाजारात मला झाडवाली टेलरबाय म्हणतात. आठवडाभर मी ब्लाउज शिवते आणि रविवारी सकाळी झाडांचे खिळे उपटते. पिशवीत पंजाचा हातोडा, पक्कड, चुना नि मोरचूद कालवून केलेला लेप आणि एक जुना ब्रश. क्लासच्या जाहिराती, भाड्याच्या खोल्या, कुणा भाऊंचा वाढदिवस, सगळं आपल्याकडे झाडालाच ठोकतात. झाड तक्रार करायला ऑफिसात जात नाही. ही विद्या मी मोबाईलवर आणि रद्दीतल्या पुस्तकांतून शिकले. झाडं दहावीचं सर्टिफिकेट मागत नाहीत, हे एक बरं आहे.

मासळीबाजाराच्या तोंडाशी जुना शिरीष आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला पिठ्या ढेकूण लागला. फांद्यांवर पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं, पानं चिकट, शेंडा वाळत आलेला. त्यात बुंध्याभोवती कुणीतरी गच्च काँक्रीट ओतलेलं. अर्जांवर अर्ज करून मी ते फोडून घेतलं. बादल्या वाहिल्या, साबणाचं नि कडुनिंबाच्या तेलाचं पाणी मारलं. त्या रस्त्यावरचे पाच शिरीष माझ्यादेखत वाळून गेले. हा एक राहिला.

त्याच्या सावलीत सातपाटीची गोजराबाई मासळी घेऊन बसते. टोपलीतलं खारं पाणी मुळाशी ओतते म्हणून मी तिच्यावर ओरडायचे, आणि ती म्हणायची, "आली डॉक्टरीण. पेशंटला इचार आधी, त्याला बोंबलाचा पानी आवडतं का."

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी ती आली नव्हती. असती तर तिने मला अडवलं असतं.

मी बॅनरचे सगळे खिळे काढले. मग खाली, माझ्या छातीइतक्या उंचीवर, सालीत एक गाठ दिसली. इतक्या खाली कुणी पाटी लावत नाही. चाकूने साल उकलली तर आत लोखंडी डोकं. चौकोनी, हाताने ठोकलेलं. होडीच्या फळ्यांना मारतात तसला खिळा. पाऊण तास झटले तेव्हा निघाला. वीतभर लांब होता, आणि गरम. ओढाताणीने तापला असेल, असं मी मनाशी म्हटलं. भोकात लेप भरला आणि खिळा पिशवीत टाकला.

घरी बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आहे. तीन वर्षांतले सगळे खिळे त्यात. संध्याकाळी आमच्या ह्यांनी डबा सरकवला आणि विचारलं, उन्हात ठेवला होतास काय. डबा शिलाई मशीनच्या खाली होता. तिथे ऊन येत नाही.

बुधवारी गोजराबाई टोपलीशिवाय आली. दुकानाच्या पायरीवर बसली. तिची रूपल एकोणीस वर्षांची, पालघरला नर्सिंगला जाते. रविवारपासून तिला ताप होता. दुपारी तीनला चढायचा, पहाटे उतरायचा. मलेरिया, डेंगी, टायफॉईड, सगळे रिपोर्ट चांगले आले होते. असाच ताप तिला सहा वर्षांची असताना आला होता, गोजराबाई सांगत होती. तेव्हा सासूने पोरीला शिरीषाला टेकवून उभं केलं आणि डोक्याच्या लगेच वर, खोडात खिळा मारला. बापाची होडी मोडली होती, तिच्यातला. ताप झाडात राहिला.

झाड शेंड्याकडे वाढतं, मारलेला खिळा आहे तिथेच राहतो. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. सहा वर्षांच्या मुलीची उंची माझ्या छातीइतकीच असते, हे त्या क्षणी कळलं.

"मी दुसरा मारून बघितला," ती म्हणाली. "ताप धरत नाय. तोच दे, बाय."

शिरीषाला त्याच आठवड्यात कोंब फुटले होते. दोन वर्षांत पहिल्यांदा. खिळ्याच्या भोकातून कीड शिरते, बुरशी शिरते, हे मी शंभर जणांना समजावलेलं. आणि ताप का कुठे झाडात राहतो?

"भंगारात दिला, गोजराबाई," मी म्हटलं.

मी तिला मोठ्या डॉक्टरचा नंबर लिहून दिला. अक्षर चांगलं काढलं.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता मी डबा उघडला. मग थर्मामीटर आणला आणि खिळ्याला टेकवला. हसायचं तर हसा. एकशे तीन.

गोजराबाईला फोन लावला. रूपलला किती आहे, विचारलं.

"एकशे तीन," ती म्हणाली.

तेव्हाच निघायला हवं होतं. पण बाजार भरलेला. झाडवालीच झाडाला खिळा ठोकतेय, असं सगळ्यांनी बघितलं असतं. सकाळी गर्दी नसते, मी म्हटलं.

सकाळी गेले. त्या पहाटे खिळा निवला नव्हता. भोक सापडेना.

सहा दिवसांपूर्वी भरलेला लेप नव्हता. गाठ नव्हती. साल सपाट, जणू तिथे कधी काही शिरलंच नव्हतं. बोटं फिरवून अंदाजाने जागा धरली आणि हातोडा घातला.

खिळा शिरला नाही. पुन्हा मारला.

तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा डाव्या मुठीतला खिळा निवायला लागला. एकदम नाही. कपातला चहा निवतो तसा.

मी तशीच उभी राहिले. तो गार होईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी सातपाटीला गेले. अंगणात वलांडीवर वाळत घातलेले बोंबील तसेच होते, कुणी उतरवले नव्हते. गोजराबाईने मला पाणी दिलं. रूपलच्या फोटोपुढच्या दिव्यात तेल घातलं. मग म्हणाली, "खिळा भंगारात गेला ता बरा झाला, बाय. आनखी कोनाच्या हाताला लागाया नको."

तो माझ्या पिशवीत होता.

शिरीष आता हिरवागार आहे. लोक खाली उभे राहून फोटो काढतात, माझं कौतुक करतात. गोजराबाई पलीकडे, उन्हात बसते.

सातपाटीहून आले त्या दिवशी होडीचा खिळा मी रुमालात वेगळा बांधून ठेवला. त्याच दुपारी मशीनखालचा डबा पायाला लागला. गरम होता. त्या एकामुळे सगळा डबा तापतो, असं मी धरून चालले होते.

सगळे खिळे कापडावर ओतले आणि एकेक हातात घेतला. हजाराच्या वर आहेत. बॅनरचे, पाट्यांचे, गंजलेले, वाकलेले. सात गरम निघाले.

पालघर, उमरोळी, सफाळे, कुठल्या कुठल्या रस्त्यांवरून मी ते काढलेत. कुठला खिळा कुठल्या झाडाचा, ते मी लिहून ठेवलेलं नाही. नुसती संख्या लिहायचे, झाडप्रेमींच्या ग्रुपवर टाकायला.

रोज तीन वाजता मी त्यांना हात लावून बघते.

आज सहा आहेत.