तू राहू दे, मी बोलतो

मोबाइल विसरला म्हणून हितेश सॅम्पल फ्लॅटमध्ये परत आला, तर आत एक मुलगी रिकाम्या स्वयंपाकघराशी बोलत होती.

"इथून डोंगर दिसतो, ताई... आणि सकाळचं ऊन थेट ओट्यावर—" त्याला पाहताच ती गप्प झाली.

"बोला ना पुढे. घेतोच मी हा फ्लॅट," तो हसला.

"तुम्हाला परवडायचा नाही."

"विकणाऱ्यालाच परवडत नाय, काय सांगू!"

मग दोघंही हसले. ती नमिता, जुईनगरची. खारघरच्या त्या साइटवर सेल्समध्ये आजच लागलेली. दिवाळे गावचा हितेश तिथला जुना.

पहिल्याच गिऱ्हाइकापुढे नमिता कार्पेट एरिया सांगताना अडखळली. हितेश चटकन पुढे झाला. "तू राहू दे, मी बोलतो." तिने डोळ्यांनीच आभार मानले... आणि ती नजर त्याला इतकी आवडली, की तो दर वेळी पुढे होऊ लागला.

हळूहळू नमिताने तयारी करणंच सोडलं. माहितीपत्रकं वाटायची, पाणी द्यायची. "मला नाही जमणार रे," म्हणायची.

"मी आहे ना," तो म्हणायचा. हेच प्रेम, असं त्याला वाटायचं.

बहिणीच्या हळदीला तो रजेवर होता, तेव्हा तिचा फोन आला. "हितेश, फ्लॅट गेला! मी एकटीने विकला!"

"पार्किंगचं नीट सांगितलंस ना? नायतर लफडं होईल."



"सांगितलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्याच महिन्यात तिने उलव्याच्या साइटवर बदली मागून घेतली. निघताना दोघं फाटकाशी रिक्षाची वाट पाहत उभे राहिले.

"जाऊ नको ना... तू मला आवडतेस, नमिता."

"माहितीये." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मलाही तू... आवडतोस. पण तू शेजारी असलास की माझं तोंडच उघडत नाही. खरं सांग, मला जमेल असं कधी वाटलं होतं तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

रिक्षा येऊन थांबली. तुला जमलं असतं तर मला कोण विचारणार होतं... एवढंच तर सांगायचं होतं. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या हितेशला ते सांगता आलं नाही.

नमिता आत बसली. थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग रिक्षावाल्याला म्हणाली, "चला, भाऊ."